‘पॉमी’, ‘ब्लायटी’ आणि देवळालीचा ताप : शब्दाची गोष्ट आधी की तारीख आधी?

ॲशेस मालिका सुरू झाली की ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांच्या तोंडी इंग्लंडच्या खेळाडूंसाठी एक शब्द हमखास येतो : ‘पॉम’ किंवा ‘पॉमी’. तो आला कुठून असं विचारलं तर उत्तर तयारच असतं. ‘प्रिझनर ऑफ मदर इंग्लंड’ या शब्दांची आद्याक्षरं म्हणजे ‘पॉम’. ब्रिटनने ऑस्ट्रेलियात कैदी पाठवले, त्यांच्या कपड्यांवर ही अक्षरं असायची, वगैरे वगैरे. काही जण त्याऐवजी ‘प्रिझनर ऑफ हिज मॅजेस्टी’ सांगतात. गोष्ट छान आहे, एकदा ऐकली की लक्षात राहते, आणि खोटी आहे.

खोटी कशावरून, हे पाहण्यासारखं आहे. भाषाविज्ञान, इतिहास, इंग्रजी साहित्य, समाजशास्त्र, कशातही पीएचडी करायचं मनात असेल तर अशा गोष्टी तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अगदी सहज शिरतात. ‘या शब्दाचा उगम अमुक’ असं एक वाक्य प्रस्तावनेत टाकलेलं असतं. ते शोभेसाठी असतं, पण पुढचा युक्तिवाद नकळत त्याच्यावरच उभा राहतो. मग व्हायवाला कुणीतरी शांतपणे विचारतं, ‘याला पुरावा काय?’

‘पॉमी’चा पुरावा तपासू. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात कैदी घेऊन येणारं शेवटचं जहाज पोहोचलं १८६८ च्या सुरुवातीला. ‘पॉमी’ हा शब्द छापील मजकुरात दिसू लागतो १९१२ च्या सुमारास. मधली चाळीसहून जास्त वर्षं चिडीचूप. ऑस्ट्रेलियातली वर्तमानपत्रं, पत्रं, आठवणी त्या काळात टोपणनावांनी खच्चून भरलेली आहेत, आणि त्यात हा एक शब्द मात्र कुठेच नाही. कैद्यांच्या पाठीवर छापलेला शब्द इतका काळ कुणाच्याच तोंडी येत नाही, हे पटण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट तर साध्या व्यवहारज्ञानाची आहे. ‘पॉमी’ कोण कुणाला म्हणत होतं? ऑस्ट्रेलियात जन्मलेले लोक नव्याने बोटीतून उतरलेल्या ब्रिटिशांना. आता कैद्यांचे वंशज असतील तर ते म्हणणाऱ्यांमध्ये! नवे लोक स्वखुशीने आलेले होते. स्वतःच्या आजोबाची बेडी दुसऱ्याच्या पायात घालणारी ही व्युत्पत्ती आहे.

तिसरा मुद्दा आद्याक्षरांचा. आद्याक्षरं जोडून, ती शब्दासारखी उच्चारून नवा शब्द पाडायची सवय इंग्रजीला मुख्यतः विसाव्या शतकात लागली. या प्रकाराला असलेला ‘ॲक्रोनिम’ हा शब्दसुद्धा १९४०च्या दशकातच रूढ झाला. त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही इंग्रजी शब्दाची कुणी आद्याक्षरी फोड सांगितली की आधी संशय घ्यावा. ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ’ हे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत सांगितलं गेलंय. ते ‘न्यू’ म्हणजे ‘नवं’चं साधं अनेकवचन आहे, बस्स.

मग ‘पॉमी’ आला कुठून? स्थलांतरिताला इंग्रजीत ‘इमिग्रंट’. बोलण्यात त्याची गंमत करून ‘जिमी ग्रँट’ असं माणसाचं नाव केलं गेलं. त्याला यमक जुळवून ‘पॉमेग्रॅनेट’, म्हणजे चक्क डाळिंब. आणि डाळिंबाचं झालं ‘पॉमी’. ऐकायला ही गोष्ट कैद्यांच्या गोष्टीपेक्षा जास्त विचित्र आहे, पण हिच्या बाजूने कागद आहेत : १९१२ च्या आसपासच्या सिडनीच्या वर्तमानपत्रात ‘जिमी ग्रँट’ आणि ‘पॉमेग्रॅनेट’ हे शब्द नव्याने आलेल्यांसाठी शेजारी शेजारी वापरलेले सापडतात. डी. एच. लॉरेन्सने ‘कांगारू’ या १९२३ च्या कादंबरीत हीच फोड दिली आहे आणि वर नव्या ब्रिटिशांच्या लालबुंद गालांची आठवण करून दिली आहे. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात गोरी कातडी डाळिंबासारखीच दिसत असणार.

लोकांनी मागाहून रचलेल्या अशा उगमकथेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती टाकाऊ नसते. लोकांना ती का आवडली हा संशोधनाचा वेगळा, चांगला विषय होऊ शकतो. फक्त उगमाचा पुरावा म्हणून ती चालत नाही.

नाव ठेवणाऱ्याला काय दिसलं?

ब्रिटिशांना जगभरात मिळालेली टोपणनावं पाहिली तर समोरच्याला पहिल्यांदा काय खुपलं ते कळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांनी त्यांना ‘रॉइनेक’ म्हटलं, म्हणजे लाल मान्या. फ्रेंचांनी त्यांच्या ताटातलं भाजलेलं गोमांस पाहून ‘रोसबिफ’ म्हटलं. आपणही मागे नव्हतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, युरोपीय व्यापाऱ्यांसाठी ‘टोपीकर’ हा शब्द आहे. पागोट्यांच्या देशात टोपी नजरेत भरली. पुढे राज्य त्यांचं झाल्यावर मराठीत ‘लालतोंडे’ आलं. त्यातला राग वेगळा सांगायला नको.

‘लाइमी’ हे अमेरिकेत रुजलेलं नाव मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. स्कर्व्ही होऊ नये म्हणून ब्रिटिश खलाशांना लिंबाचा रस देत, म्हणून ‘लाइमी’. इतपत बरोबर आहे. पण बहुतेक लेखांत पुढे जे येतं ते असं : १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांवर प्रयोग केला, लिंबाने ते बरे झाले, ब्रिटिशांना रोगाचं गुपित कळलं आणि म्हणून त्यांना ‘लाइमी’ म्हणू लागले. मराठीत हे वाचताना सगळं सरळ वाटतं, कारण ‘लिंबू’ या एका शब्दात दोन वेगळी फळं लपतात.

लिंडने दोन खलाशांना दिली ती संत्री आणि ‘लेमन’, म्हणजे मोठं पिवळं, ईडलिंबाच्या जातीचं फळ. नौदलाने १७९५ पासून खलाशांना द्यायला सुरुवात केली तो रसही मुख्यतः लेमनचा, भूमध्य समुद्राच्या बाजूने आणलेला. ‘लाइम’ म्हणजे आपलं रोजचं कागदी लिंबू. १८६०च्या दशकात नौदलाने लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या स्वतःच्या वसाहतींतलं लाइम घ्यायला सुरुवात केली. १८६७ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवरही असा रस देणं पक्कं केलं. घोळ असा की साठवलेल्या लाइमच्या रसात स्कर्व्ही रोखण्याची ताकद लेमनपेक्षा फारच कमी होती. वाफेच्या बोटींमुळे प्रवास छोटे झाले होते म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. १८७५ मध्ये निघालेल्या ब्रिटिशांच्या आर्क्टिक मोहिमेत लाइमचा रस पिऊनही माणसं स्कर्व्हीने आजारी पडली. दोन फळांमधला फरक प्रयोगाने नीट सिद्ध झाला तो १९१८ मध्ये, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून.

त्या काळी इंग्रजीतसुद्धा लेमन आणि लाइम हे शब्द सरमिसळ वापरले जात, त्यामुळे नुसत्या शब्दावरून फळ ठरवता येत नाही. पण ‘लाइम-ज्यूसर’ हे नाव दिसू लागतं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, आधी ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्यांसाठी, मग अमेरिकन खलाशांच्या तोंडी ब्रिटिश जहाजांसाठी. त्याचं आखूड ‘लाइमी’ त्याहून नंतरचं. म्हणजे लिंडचा प्रयोग आणि हे नाव यांच्यात शंभराहून जास्त वर्षं आहेत. नाव चिकटलं ते जहाजावर सक्तीने प्यायला लावलेल्या रसाच्या थट्टेतून. कुणाच्या वैद्यकीय शोधाला दिलेली ती सलामी नव्हती. इंग्रजी साधनं मराठीत आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ‘लिंबू’ लिहून मोकळं झालं तर हा सगळा इतिहास एका शब्दात बुजतो.

‘टॉमी’बद्दल थोडक्यात. आपल्याकडे हे कुत्र्याचं नाव आहे, पण मुळात ब्रिटिश शिपाईगड्याचं. वेलिंग्टनने रणांगणात मरणाऱ्या एका थॉमस ॲटकिन्सच्या आठवणीत ते दिलं, ही गोष्ट भावुक आहे आणि ती फार उशिरा सांगितली जाऊ लागली. कागदावर दिसतं ते असं की १८१५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने शिपायांच्या हिशेबवहीचा नमुना भरून दाखवला तेव्हा नावाच्या जागी ‘थॉमस ॲटकिन्स’ लिहिलं. आपल्या फॉर्मवरच्या ‘अ. ब. क.’चा हा ब्रिटिश भाऊ.

विलायत, पण कुणाची?

आता आपल्या घरचा शब्द. ब्रिटिश लोक स्वतःच्या देशाला लाडाने ‘ब्लायटी’ म्हणतात. हा आपला ‘विलायती’ आहे, आणि इथे व्युत्पत्तीबद्दल कोशकारांचं मोठं एकमत आहे. मूळ अरबी ‘विलाया’ म्हणजे प्रांत, अंमल. फारसीतून तो हिंदुस्थानीत आला, परका मुलूख असा अर्थ घेऊन, आणि मग युरोप, खास करून इंग्लंड. उत्तरेकडच्या बोलण्यात ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बिलायती’. युल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात ‘बिलायत’ची नोंद आहे, आणि सोडावॉटरला ‘बिलायती पानी’ म्हणत हेही तिथे सापडतं. आपली विलायती चिंच मुळात मध्य अमेरिकेकडची. ‘विलायती’ म्हणजे ‘इथलं नव्हे’ एवढाच अर्थ तिथे उरला आहे.

गंमत पाहा. इथल्या माणसाने ज्या शब्दाने ‘परकं’ म्हटलं, तोच शब्द गोऱ्या शिपायाने उचलला आणि त्याचा अर्थ केला ‘घर’. शब्द तोच, बोलणारा बदलला की अर्थ उलटा. पहिल्या महायुद्धात तो इतका पसरला की ‘ब्लायटी’ म्हणजे जखम असाही अर्थ झाला : जीव जाणार नाही, पण मायदेशी पाठवावं लागेल अशी जखम. तुम्ही उद्या त्या काळची पत्रं वाचायला बसलात आणि ‘अमक्याला ब्लायटी मिळाली’ असं वाक्य आलं, तर त्यात मित्राचा हेवा आहे हे कळायला हवं. नुसता ‘ब्लायटी म्हणजे ब्रिटन’ एवढा अर्थ पाठ असेल तर ते वाक्य तुमच्या हातून निसटणार. त्याच पलटणींतून ‘कुशी’ (आरामाचं, बहुतेक आपल्या ‘खुश’वरून) आणि ‘डेको’ (‘देखो’) असे शब्द इंग्रजीत गेले.

आणि ‘डूलाली’. एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सांगायला ब्रिटिश माणूस आजही ‘गॉन डूलाली’ म्हणतो. ही आपली नाशिकजवळची देवळाली. पूर्ण रूप होतं ‘डूलाली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, ज्वर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई इथे येऊन मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत. फौजेच्या बोटी साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच चालत. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली त्याला महिनोन्‌महिने बसून राहावं लागे. काम नाही, कवायत फारशी नाही, ऊन आणि कंटाळा. त्यातून माणसं विचित्र वागू लागत, म्हणून ‘देवळालीचा ताप’.

हे स्पष्टीकरण कुठून येतं? फ्रँक रिचर्ड्‌स नावाच्या शिपायाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी केली आणि १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आठवणींचं पुस्तक काढलं. त्यात हे वर्णन आहे. मात्र ते वाक्य नीट वाचलं तर दिसतं की उगम सांगताना तो स्वतःच ‘मला वाटतं’ असं घालतो. पुढे त्याचा आधार घेणाऱ्यांच्या लिखाणातून हे ‘मला वाटतं’ गळून पडतं आणि अंदाजाचं विधान होतं. रिचर्ड्‌स शब्दाच्या वापराचा साक्षीदार आहे. शब्द जन्मला तेव्हा तो हजर नव्हता. तुमच्या मुलाखतींमध्येही हा फरक येणार आहे. ‘आमच्याकडे असं म्हणतात’ हा माणसाचा अनुभव असतो, ‘असं म्हणतात कारण…’ हा त्याचा तर्क असतो. दोन्ही उतरवून घ्या, पण एकाच खणात ठेवू नका.

देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही बरेच जण सांगतात. ते ठरवायचं तर छावणीची, इस्पितळाची दफ्तरं बघायला लागतील. नुसतं एका लेखातून दुसऱ्यात उतरवून भागणार नाही.

इथे मराठी संशोधकासाठी एक खास सापळाही आहे. ‘टॅप’ दिसला की आपल्याला लगेच ‘ताप’ दिसतो आणि छाती फुगते : चला, इंग्रजीत मराठी शब्द! मोह आवरा. गोऱ्या शिपायांची कामचलाऊ भाषा हिंदुस्थानी होती. तिथे फारसी वळणाचा ‘तप’ होताच, आणि इंग्रजी उच्चारालाही तो जास्त जवळचा आहे. ‘ताप’ आणि ‘तप’ लांबचे भाऊ आहेत हे खरं, पण मराठीतूनच गेला म्हणायला नाशिकच्या बाजाराचा, खानसाम्यांचा, छावणीतल्या बोलण्याचा काहीतरी पुरावा लागेल. तो तुम्ही शोधून काढलात तर उत्तमच.

‘पॉश’चंही असंच. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ : पीअँडओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येताना डावीकडची खोली, परतताना उजवीकडची, म्हणजे ऊन कमी, श्रीमंतांच्या तिकिटांवर ही आद्याक्षरं मारलेली असत. मुंबई आहे, समुद्र आहे, साहेब आहेत, सगळं आहे. नाही ते असं शिक्का मारलेलं एकही तिकीट. शिवाय ‘पॉश’ हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रचारात असताना ही फोड १९३०च्या दशकात सांगितली जाऊ लागली. खरा उगम अजून पक्का नाही. ‘उगम अनिश्चित’ असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही, चांगले कोश ते सर्रास लिहितात.

‘बॉब्ज युअर अंकल’ म्हणजे ‘झालं की काम!’. १८८७ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट, म्हणजे लॉर्ड सॉल्सबरी, यांनी आपला भाचा आर्थर बॅल्फर याला आयर्लंडचं मोठं पद दिलं, त्यावरून हे आलं असं म्हणतात. मामाचा वशिला आपल्याला लगेच पटतो. पण हा प्रयोग दिसू लागतो १९२०च्या दशकात. पुन्हा तीसचाळीस वर्षांची पोकळी.

वापरायचं कसं

तिकडे शिकायला किंवा परिषदेला जाणार असाल, नाहीतर तिथल्या गाईडशी ईमेलवर बोलत असाल, तर काही गोष्टी व्यवहाराच्या. ब्रिटिश म्हणजे इंग्लिश नव्हे. स्कॉटिश किंवा वेल्श माणसाला ‘इंग्लिश’ म्हणालात तर तो हसून सोडेलच असं नाही. ‘जॉक’ (स्कॉटिश), ‘टॅफी’ (वेल्श), ‘पॅडी’ (आयरिश) ही नावं पुस्तकात ओळखता यावीत, तोंडात नकोत. ‘जॉर्डी’ (न्यूकॅसलकडचे), ‘स्काउझर’ (लिव्हरपूलचे, खलाशांच्या ‘लॉबस्काउझ’ या रश्श्यावरून) आणि ‘ब्रमी’ (बर्मिंगहॅमचे) ही नावं ते लोक स्वतः अभिमानाने लावतात, तरी पहिल्याच भेटीत तुम्ही वापरू नका.

‘यू ऑलराइट?’ हा प्रश्न तब्येतीचा नसतो, ‘काय, कसं काय?’ एवढाच असतो. ‘चीअर्स’ म्हणजे बहुतेक वेळा ‘थँक यू’. ‘नॅकर्ड’ म्हणजे पार थकलेला. ‘नॅकर’ म्हणजे म्हातारे घोडे विकत घेऊन कापणारा, त्यावरून. ‘चफ्ड’ म्हणजे खूश, ‘गटेड’ म्हणजे मन मोडलेला. सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या प्रकरणावर शेरा आला ‘क्वाइट गुड’, तर लगेच घरी फोन करू नका. अमेरिकन माणसाचं ‘क्वाइट’ वर चढवतं, ब्रिटिश माणसाचं बरेचदा खाली आणतं : ‘बरं आहे, पण…’. उलट ‘नॉट बॅड’ ही चांगली शाबासकी असू शकते.

शेवटी कामाचं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ फुकट आहे; तिथे ‘पॉमी’ टाकून वर्षानुसार निकाल लावून पाहा. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश विद्यापीठाच्या ग्रंथालयातून उघडतो का ते विचारा. त्यात प्रत्येक अर्थाखाली जुन्यात जुनी सापडलेली नोंद सालासकट असते. ती शब्दाची जन्मतारीख नव्हे, आतापर्यंत सापडलेली पहिली नोंद आहे, आणि कुणीही तिच्याआधीची शोधून काढू शकतं. शोधताना प्रत्येक निकाल उघडून पानाचं चित्र डोळ्यांनी वाचा. संगणकाने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं चुकतात, ‘टॉमी’चा ‘पॉमी’ व्हायला वेळ लागत नाही. आणि नुसतं ‘पॉम’ शोधलंत तर पॉमेरेनियन कुत्री विकणाऱ्यांच्या जाहिरातीही वाचायची तयारी ठेवा.